सावरडो स्टार्टर घालून सफरचंदाचे फ्रिटर्स: बाहेरून करपतात, आत कच्चे राहतात

सकाळचीझुळूक

नमस्कार मंडळी,

सावरडो स्टार्टर, म्हणजे आंबट ब्रेड फुगवायला पीठ-पाणी आंबवून जिवंत ठेवलेलं विरजण, घरात नांदायला लागून आठ महिने झाले. ब्रेड आता बऱ्यापैकी जमतो. पण स्टार्टरला रोज खाऊ (ताजं पीठ आणि पाणी) घालताना जे पीठ काढून टाकावं लागतं, ते टाकवत नाही. म्हणून सफरचंदाचे फ्रिटर्स, म्हणजे फोडी पिठात घालून तळलेली गोड भजी, करायचं डोक्यात घेतलं. दोनदा केले, दोन्ही वेळा फसले. काय केलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण चूक कुठे होतेय ते मला खरंच शोधायचं आहे.

पहिल्यांदा: फ्रिजमधलं दोन आठवड्यांचं काढलेलं पीठ २०० ग्रॅम घेतलं. त्यात मैदा, एक अंडं, साखर, थोडी बेकिंग पावडर घातली. दोन सफरचंदं चिरून साखर-दालचिनी लावून बाजूला ठेवली होती, ती त्यात ढवळली आणि डावाने तेलात सोडलं. दीड मिनिटात गडद तपकिरी झाले. फोडल्यावर सफरचंदाच्या प्रत्येक फोडीभोवती कच्च्या पिठाचं गिच्च कडं. शिवाय चवीला आंबट, तेही घशाशी लागणारं.

दुसऱ्यांदा: ताजा, फुगलेला स्टार्टर घेऊन ब्रेडसारखं पीठ मळलं, सफरचंदं तेव्हाच आत घातली आणि रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी भांड्यात पिठाऐवजी चिखल होता. वरून मैदा घालून घालून तो आवरला. तळल्यावर चिवट गोळे झाले.

मला हवेत ते ओबडधोबड, कडेला कुरकुरीत, आत लुसलुशीत आणि वर साखरेचा पातळ थर असलेले. हे स्टार्टरवर होतं की मी उगाच हट्ट धरलाय?

झारा

होतं, अगदी छान होतं. आधी तीन गोष्टी सांगा. तेल किती तापलं होतं? सफरचंद कोणत्या जातीचं? आणि एकेक फ्रिटर केवढा होता?

सकाळचीझुळूक

थर्मामीटर नाही. पिठाचा थेंब टाकून पाहिला, तो लगेच वर आला म्हणून सुरुवात केली. सफरचंदं गोड, मऊ, भुसभुशीत होती. जात ठाऊक नाही. फ्रिटर तळहाताएवढे आणि चांगले जाड.

झारा

मग निम्मं उत्तर इथेच आहे. थेंब लगेच वर येतो तो १६० अंश सेल्सिअसलाही आणि २००लाही. त्यावरून तेल तापलंय एवढंच कळतं, किती तापलंय ते कळत नाही. फ्रिटरला १७५ ते १८० लागतं. तुमचा रंग दीड मिनिटात गडद झाला म्हणजे तेल बहुधा १९०च्या पुढे होतं. तळणीचा थर्मामीटर घ्याच. अंदाजाने तळण्यात मी बरीच वर्षं घालवली आणि थर्मामीटर आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की आपला अंदाज वीस-वीस अंशांनी चुकत होता.

दुसरं म्हणजे जाडी. दीड ते दोन सेंटीमीटरच्या वर जाऊ नका. सोडण्याआधी मधोमध बोटाने दाबून खोलगट करा, जमलं तर आरपार एक-दोन भोकं पाडा. तेल मध्यापर्यंत पोचलं की कच्चं राहत नाही. खात्री करायची तर एक फ्रिटर बाहेर काढून थर्मामीटर आत खुपसा. ९३च्या आसपास आला की आत शिजलंय.

मंदआच

तेलाबद्दल झारा यांच्याशी सहमत. पण फोडीभोवतीच्या कच्च्या कड्याचा दोष तेलाला देऊ नका, तो सफरचंदाचा आहे.

सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. तुम्ही साखर लावून ते बाजूला ठेवलंत, म्हणजे साखरेने ते पाणी बाहेर ओढायला सुरुवात केली. मग त्याच रसासकट फोडी पिठात गेल्या. तळताना उरलेलं पाणी फोडीतून सुटतं आणि लगतच्या पिठातच मुरतं. तेवढंच पीठ बाकीच्यापेक्षा खूप पातळ होतं आणि शिजायचं राहून जातं. दुसऱ्या वेळचा चिखलही त्यातूनच. रात्रभरात सगळा रस पिठात उतरला.

म्हणून सफरचंद आधी शिजवायचं. फार सोपं आहे, पण घाई करून चालत नाही. सोललेल्या, एक सेंटीमीटरच्या फोडी ५०० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा, चिमूट मीठ. पसरट भांड्यात मध्यम आचेवर. आधी पाणी सुटतं, मग आटतं, मग तळाशी पाक दाटतो आणि फोडींना चकाकी येते. आठ ते दहा मिनिटं लागतात. फोड बोटाने दाबली तर दबावी, पण तिचा आकार मोडू नये. दालचिनी अगदी शेवटी.

मी भांडं वजनकाट्यावर ठेवून पाहते. सगळं मिळून ५९०-५९५ ग्रॅमने सुरुवात होते आणि ४०० ग्रॅम उरले की थांबते. पावणेदोनशे ग्रॅमहून जास्त पाणी उडून गेलं. तेवढं पाणी तुम्ही पिठात घालत होता.

आणि पूर्ण गार करा. कोमट नाही, गार. थाळीत पसरून फ्रिजमध्ये ठेवलंत तर अर्ध्या तासात होतं.

सकाळचीझुळूक

पावणेदोनशे ग्रॅम! इतका विचारच केला नव्हता. मंदआच, मनापासून आभार. जात कोणती घ्यावी?

मंदआच

आंबट आणि घट्ट. ग्रॅनी स्मिथ माझी पहिली पसंती, कारण ते शिजवल्यावर आकार धरतं आणि त्याचा आंबटपणा साखरेपुढे टिकतो. ही हिरवी जात १८६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपातून आली, आणि तेव्हापासून स्वयंपाकाचं सफरचंद म्हणूनच तिचं नाव आहे. ब्रेबर्न, पिंक लेडी, हनीक्रिस्पही चालतात. मॅकिंटॉश लवकर विरघळतं, रेड डिलिशियस शिजवलं की मऊ आणि बेचव होतं. भुसभुशीत सफरचंदाची चटणी करा, फ्रिटर नको.

नवशिक्या

वाचतोय. धागा साठवून ठेवला.

रेणू

आता स्टार्टरबद्दल लिहिते, कारण झुळूक यांनी जे दोनदा केलं ते एकाच पदार्थाचे दोन प्रयत्न नव्हते. ते दोन वेगळे पदार्थ होते आणि दोघांचे नियम एकमेकांत मिसळले गेले.

स्टार्टरमध्ये दोन प्रकारचे जीव असतात, यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. यीस्ट पीठ फुगवतं, जिवाणू आंबट करतात. दोघांचं पटतं कारण बऱ्याचदा त्यांचं खाणं वेगळं असतं. क्लाइन आणि सुगिहारा यांनी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट ब्रेडमधून जो जिवाणू वेगळा काढून दाखवला, त्याला माल्टोज ही साखर आवडते. त्याच्या शेजारी राहणाऱ्या यीस्टला माल्टोज वापरताच येत नाही. म्हणून एकाच पिठात दोघं वर्षानुवर्षं नांदतात.

आता फ्रिजमधलं दोन आठवड्यांचं पीठ घ्या. तिथे यीस्ट थकलेलं आहे आणि आम्ल साठलेलं आहे. सामू (pH, जितका कमी तितकं जास्त आंबट) ४च्या खाली गेलेला असतो. इतक्या आम्लात पिठातलं ग्लूटेनही (पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं) तुटत जातं, म्हणून जुनं पीठ डावातून पाण्यासारखं ओघळतं. ते फ्रिटर फुगवणार नाही. त्याचं काम फक्त चव देणं. फुगवायला बेकिंग पावडर आणि सोडा लागणारच.

उलट खाऊ घालून दुप्पट झालेला ताजा स्टार्टर जिवंत यीस्टने भरलेला असतो. तो फुगवतो, पण त्याला वेळ लागतो आणि काही गोष्टी त्याला सोसत नाहीत. खूप साखर सोसत नाही, कारण साखर यीस्टच्या पेशीतलं पाणी ओढते. दालचिनीही सोसत नाही. दालचिनीला जो वास असतो, ते द्रव्यच जंतुरोधक आहे, ते यीस्टलाही मंद करतं. म्हणून दालचिनी सफरचंदात घाला, मळलेल्या पिठात नको.

तिखटमीठ

रेणू, माहिती उत्तम. पण सोड्याबद्दल मला थांबवावंसं वाटतं. सोडा आम्ल मारतो. आंबटपणाच मारायचा असेल तर स्टार्टर घातला कशाला? मैदा आणि दूध घ्या, काम झालं. सोडा घातलेल्या फ्रिटरला सावरडो म्हणणं मला पटत नाही.

कणीककारागीर

मी दहा वर्षं सावरडो करतोय आणि मला ते खुपत नाही. आम्ल गेलं म्हणजे चव गेली असं नसतं. आंबताना पिठात इतरही बरंच काही तयार होतं, दुधासारखा, फळासारखा वास येतो, तो सोड्याने जात नाही. शिवाय दोन आठवड्यांच्या पिठाचा आंबटपणा ब्रेडमध्ये शोभतो तसा साखरेच्या थराखाली शोभत नाही. झुळूक यांनी लिहिलंच आहे, घशाशी लागणारा.

नावाचं म्हणाल, तर तुमच्या म्हणण्यातलं एक मात्र मान्य. काढून ठेवलेल्या पिठाकडून ताज्या स्टार्टरचं काम मागू नये, आणि त्याला तसं दाखवूही नये.

जुनीवही

नावाचा विषय निघालाच आहे तर थोडं जुनं सांगते. फ्रिटर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'तळणे' हे क्रियापद आहे. त्यात फुगवण्याचा काही संबंध नाही. पण इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुख्य आचाऱ्यांनी साधारण १३९० मध्ये ज्या पाककृती लिहून ठेवल्या, त्यात सफरचंदाचे फ्रिटर आहेत. ते मैदा आणि अंड्याच्या सरसरीत पिठात बुडवून तळायचे आणि त्या पिठात एल (एक प्रकारची बिअर) आणि यीस्ट घालायचं. फोडी आधी उकडून घ्यायच्या, हेही तिथे लिहिलेलं आहे! मंदआच यांचा सल्ला सहाशे वर्षांहून जुना निघाला.

बेकिंग पावडर फार नंतरची, आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये केलेली. तेव्हा जिवंत यीस्टवर फ्रिटर हा झुळूक यांचा हट्ट नाही, जुनी रीतच आहे.

तिखटमीठ

सुंदर माहिती. माझं मत अजून तेच आहे, पण प्रमाण सांगा. किती सोडा घातला की आंबटपणा थोडा उरतो?

रेणू

समान वजनाचं पीठ आणि पाणी असलेल्या २०० ग्रॅम स्टार्टरला पाव छोटा चमचा सोडा घातला तर अंदाजे निम्मा आंबटपणा राहतो. अर्धा चमचा घातला तर जवळजवळ सगळा जातो. त्याच्या पुढे गेलात तर साबणासारखी चव येते, ती कशानेही झाकत नाही. तुमचं पीठ किती जुनं आहे यावर थोडं मागेपुढे होईल.

अजून दोन गोष्टी. सोडा आम्लाला भेटला की वायू तिथल्या तिथे सुटतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी घाला आणि दहा मिनिटांच्या आत तळायला घ्या. आणि आम्ल कमी झालं की रंग लवकर चढतो. सोडा वाढवलात तर तेल १७५च्या वर नेऊ नका, नाहीतर पहिल्यांदासारखंच होईल.

कणीककारागीर

आता दोन्ही कृती नीट देतो. एकत्र करू नका, ही हात जोडून विनंती.

पहिली, काढलेल्या पिठाची, तासाभरात होणारी. काढलेलं पीठ २०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, अंडं एक, साखर ३० ग्रॅम, दूध ४०-५० ग्रॅम, वितळलेलं लोणी १५ ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा. मंदआच यांच्या पद्धतीने शिजवलेलं गार सफरचंद २५० ग्रॅम. ओलं एकीकडे, कोरडं एकीकडे, मग एकत्र, आणि फेटत बसायचं नाही. पीठ पळीवाढं नको, त्याहून घट्ट हवं. चमचा उलटा केला तर ते आपोआप ओघळू नये, दुसऱ्या चमच्याने ढकलल्यावर पडावं. फ्रिजमधलं पीठ जास्त पातळ असेल तर दूध घालूच नका. मोठा चमचाभर घेऊन तेलात सोडताना चमच्याच्या पाठीने चपटं करा. दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं.

दुसरी, ताज्या स्टार्टरची. हिला दीड दिवस लागतो आणि तुमच्या मनात आहेत ते फ्रिटर हेच.

आदल्या दिवशी स्टार्टरला दोनदा खाऊ घाला. दुसऱ्यांदा दुप्पट होऊन वर घुमट आला की लगेच वापरा, पुन्हा खाली बसेपर्यंत थांबू नका. तरुण स्टार्टर म्हणजे कमी आंबट. तो १२० ग्रॅम, मैदा ४०० ग्रॅम, कोमट दूध १५० ग्रॅम, अंडी दोन, साखर ५० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम. दहा-बारा मिनिटं मळा. पीठ ताणल्यावर पडदा धरायला लागलं की मऊ लोणी ६० ग्रॅम थोडं थोडं करून मुरवा. लोणी आधी घातलंत तर ग्लूटेन जुळायला उशीर होतो आणि तुम्हाला वाटतं की अजून मैदा हवा. नको असतो.

२५-२६ अंशांत चार-पाच तास. घड्याळ बघू नका, पीठ बघा. दीडपटीच्या आसपास आलं की झाकून फ्रिजमध्ये रात्रभर.

सकाळी गार पीठ ओट्यावर चौकोनी लाटा. निम्म्यावर ४०० ग्रॅम गार सफरचंद पसरा, दोन मोठे चमचे मैदा भुरभुरा, दुसरी बाजू वर दुमडा. आता सुरी किंवा स्क्रेपर घेऊन उभं-आडवं कापत सुटा, सुपारीएवढे तुकडे होईपर्यंत. सगळा पसारा दिसतो, घाबरू नका, फ्रिटरचा ओबडधोबडपणा इथूनच येतो. मग तुकडे गोळा करून ९० ग्रॅमचे ढीग करा, घट्ट दाबा, चपटे करा. साधारण १४ होतात. प्रत्येक ढीग बेकिंग पेपरच्या चौकोनावर ठेवा. दोन-तीन तास फुगू द्या. बोटाने हलकं दाबलं तर खळगा सावकाश भरून यावा. पेपरसकट तेलात सोडा, अर्ध्या मिनिटात पेपर सुटतो, तो चिमट्याने काढून घ्या. एका बाजूला दोन ते अडीच मिनिटं.

आणि कच्चं पीठ चाखून बघू नका. अंडं आणि कच्चा मैदा दोन्हींत जंतू असू शकतात.

मंदआच

'घड्याळ बघू नका, पीठ बघा'. हे प्रत्येक स्टार्टरच्या बरणीवर चिकटवायला हवं.

अर्धीवाटी

अंडं न घालता जमेल का? आणि एअर फ्रायरमध्ये?

कणीककारागीर

दुसऱ्या कृतीत दोन अंड्यांऐवजी ७५-८० ग्रॅम दूध वाढवा. रंग थोडा फिका येतो, पोत किंचित कमी मऊ, पण छान लागतात. पहिल्या कृतीत अंडं काढलं तर दूध ४० ग्रॅम वाढवा आणि फ्रिटर लहान ठेवा, मोठे मोडतात.

एअर फ्रायरमध्ये पहिली कृती करूच नका, ते सैल पीठ जाळीतून खाली उतरतं. दुसरी होते. वरून वितळलेलं लोणी लावा, १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. चांगला गोड पाव तयार होतो. तळलेल्या फ्रिटरची कुरकुरीत कड मात्र त्यात मिळत नाही.

झारा

तळणीबद्दल थोडं, कारण इथे ओलं फळ आणि गरम तेल एकत्र येतंय.

कढई निम्म्याहून जास्त भरू नका. वरून लोंबणाऱ्या फोडी पिठात दाबून घ्या, उघडी फोड तडतडते आणि पाक करपून तेल काळं करते. एका वेळी तीनच फ्रिटर, जास्त सोडलेत तर तेल पंधरा-वीस अंश खाली येतं आणि फ्रिटर तेल पितात. बाहेर काढल्यावरही लक्ष द्या. फ्रिटर तेलात असताना आतली वाफ जोराने बाहेर येत असते, तेल आत शिरू शकत नाही. बाहेर काढला की वाफ थांबते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर क्षणभर निथळवा आणि थेट जाळीवर ठेवा. कागदावर ठेवलेल्या फ्रिटरची खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते.

आणि तेल पेटलंच तर पाणी कधीही ओतू नका. आच बंद, वर घट्ट झाकण, आणि कढई हलवायची नाही. झाकण तळायला सुरुवात करण्याआधीच हाताशी ठेवा.

सकाळचीझुळूक

(नऊ दिवसांनी)

मंडळी, आधी काढलेल्या पिठाची कृती केली. थर्मामीटर आणला, ग्रॅनी स्मिथ आणलं, सफरचंद वजन करत शिजवलं. तेल १७७ वर ठेवलं. पहिला फ्रिटर फोडला तेव्हा हात थरथरत होता. फोडीच्या कडेपर्यंत शिजलेला! कच्चं कडं नाही. आंबटपणा आहे, पण पाठीमागे, सफरचंदाच्या आंबटपणात मिसळून गेलेला. घरात सगळ्यांनी उभ्याउभ्या संपवले.

मग रविवारी दुसरी कृती. स्वयंपाकघर २० अंशांवर होतं, त्यामुळे आधीचं फुगणं सात तास चाललं आणि शेवटचं साडेचार. मी पीठ बघत बसले, घड्याळ नाही. फ्रिटर झाले, आणि मला हवे होते तेच झाले. कडा कुरकुरीत, आत धागे सुटणारा लुसलुशीत पाव, मध्ये सफरचंदाचे कप्पे.

एकच अडचण. चौदापैकी चार तेलात सुटे झाले. तुकडे वेगळे होऊन तरंगायला लागले. असं का?

कणीककारागीर

अभिनंदन! पहिल्याच वेळी दहा नीट येणं म्हणजे खूप झालं.

सुटे झाले ते बहुधा शेवटचे वळलेले असतील. कापता कापता आपण मैदा भुरभुरत जातो आणि शेवटच्या तुकड्यांवर त्याचा कोरडा थर बसतो. मैद्याचा थर असला की पीठ पिठाला चिकटत नाही. पुढच्या वेळी दोन चमच्यांच्या वर मैदा जाऊ देऊ नका आणि ढीग करताना हाताला पाणी लावून दाबा. शिवाय मोठ्या फोडी ढिगाच्या मध्यावर ठेवू नका, तिथूनच तो दुभंगतो.

सकाळचीझुळूक

बरोबर, शेवटचेच होते! आणि हो, मी तिसऱ्यांदा मैदा भुरभुरला होता.

अर्धीवाटी

वरचा साखरेचा थर कसा केलात? माझा नेहमी जाड, पांढरा आणि ठिसूळ होतो.

सकाळचीझुळूक

पिठीसाखर २०० ग्रॅम आणि तीन मोठे चमचे दूध, चिमूट मीठ. मंदआच यांच्या सफरचंदाच्या भांड्याला तळाशी जो पाक चिकटून राहतो, त्यात मी दुधातलाच एक चमचा घालून तो खरवडून घेतला आणि यात ढवळला. रंग फिकट सोनेरी आला. फ्रिटर जाळीवर दोन-तीन मिनिटं ठेवून, अजून गरम असतानाच बुडवले. गरम असले की थर पातळ पसरतो आणि पारदर्शक होतो. गार झाल्यावर लावला की पांढरा आणि जाड बसतो, तुमचं तेच होत असणार.

नवशिक्या

माझा स्टार्टर नऊ दिवसांचा आहे. काढलेलं पीठ वापरू का? थोडं फुगतं, पण वास विचित्र येतो.

कणीककारागीर

नको. सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत पिठात नको असलेले जिवाणूही वाढतात, तो वास त्यांचाच. ते पीठ टाका. खाऊ घातल्यावर सहा-आठ तासांत नेमाने दुप्पट व्हायला लागला आणि वास आंबूस-गोड आला की मग साठवायला सुरुवात करा. पुढेही फ्रिजमधल्या पिठावर करडं पाणी आलं तर घाबरायचं कारण नाही, पण गुलाबी किंवा केशरी रेघा दिसल्या तर बरणीसकट सगळं टाकायचं.

नवशिक्या

धन्यवाद. थांबतो.

तिखटमीठ

मीही करून पाहिले. एकाच पिठाचे दोन भाग केले, एकात सोडा नाही, फक्त बेकिंग पावडर, दुसऱ्यात रेणू यांच्या मापाने पाव चमच्याच्या हिशोबाने. पीठ पाच दिवसांचं होतं, दोन आठवड्यांचं नाही.

सोडा नसलेले फिकट राहिले, थोडे दडस झाले, आणि आंबटपणा मला आवडला. सोडा घातलेले जास्त हलके, रंगाने देखणे, आणि माझी अपेक्षा होती त्याच्या उलट, स्टार्टरचा वास त्यांतही होता. घरच्यांना कोणते कोणते ते न सांगता दिले. तिघांनी सोड्याचे उचलले, मी आणि आईने बिनसोड्याचे. ताज्या पिठाला सोड्याची गरज कमी, जुन्याला जास्त, असं मला वाटायला लागलंय.

रेणू

तुमचं वाटणं बरोबर आहे. पाच दिवसांत आम्ल कमी साठतं. अशा पिठाला पाव चमच्याच्या निम्मा सोडा घालून बघा, फुगतीलही आणि तुम्हाला हवा तो आंबटपणाही राहील.

सकाळचीझुळूक

तिखटमीठ, मी पण तसं करून बघते. दुसऱ्या कृतीचे चार उरले होते ते दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १७० अंशांवर सहा मिनिटं ठेवले, कडा पुन्हा कुरकुरीत झाल्या, फक्त साखरेचा थर वितळून खाली आला. म्हणून आता निम्मे बिनथराचे ठेवून फ्रीझरमध्ये टाकणार आहे, थर गरम केल्यावर लावेन. स्टार्टरला आत्ताच दुसऱ्यांदा खाऊ घातलाय आणि पाच ग्रॅनी स्मिथ सोलून ठेवलीत.